डांबर गोळ्या (नॅप्थलीन), 200 ग्रॅम पाकीट: घोंगडीला चालतील, बाळंतिणीच्या खोलीत नकोत

रेटिंग आधीच देऊन टाकते, 5 पैकी 3. गोळ्या काम करतात त्याचे 3, आणि पाकिटावर जे ठळक छापायला पाहिजे ते छापलेलंच नाही म्हणून 2 कापले. जरा लांबलचक लिहायलेय, कारण ऑनलाइन बगितलं तर सगळे रिव्ह्यू "वास चांगला, डिलिव्हरी वेळेत" एवढ्यावर संपतात आणि निम्म्या लोकांनी ह्या गोळ्या साप येऊ नये म्हणून घेतल्यात. ब्रँडचं नाव मुद्दाम देत नाही, कारण पाकीट कोणतंही घ्या, वर नॅप्थलीन लिहिलेलं असंल तर आत माल एकच, फरक फक्त भावाचा आणि गोळी किती गुळगुळीत आहे त्याचा.

घेतल्या कशासाठी ते सांगते. लातूरला आमच्या जुन्या घरात मागच्या माळवदाच्या खोलीत दोन लोखंडी ट्रंका आहेत, एकीत आजोबांच्या दोन घोंगड्या, एक लोकरीची शाल, आईची पैठणी, आणि दुसरीत नुसतं सुती, म्हणजे आज्जीची लुगडी, धोतरं, वाकळा. पावसाळ्याच्या तोंडावर पहिली ट्रंक उघडली आणि वरची घोंगडी उलगडली तर मधल्या घडीवर ज्वारीच्या दाण्याएवढी भोकं, एका ओळीत, भोकाच्या कडेला लोकरीच्याच रंगाची कणीदार विष्ठा, आणि घडीच्या आत पांढुरकी चिकट जाळी, तिच्यात एक बारकी अळी अजून वळवळायली होती. आईनं बगितलं आणि म्हणली, "कसर लागली, आण गं डांबर गोळ्या." खालची दुसरी घोंगडी मात्र शाबूत, कारण तिच्या घडीत कधीतरी कुणीतरी टाकलेल्या गोळ्यांचे वाटाण्याएवढे उरलेले तुकडे सापडले. म्हणजे एकाच ट्रंकेत पुरावा समोर होता, पण तो तुकड्याच्या आसपासपुरताच, वरच्या घडीपर्यंत काही पोचलेला नाही. असं का ते पुढं सांगते.

आधी किड्याबद्दल, कारण किडा कोणता ते कळल्याशिवाय गोळ्या घेण्यात अर्थ नाही. लोकर खाणारा तो उडणारा पतंग नसतो, मोठा झालेला पतंग काहीच खात नाही, खाते ती त्याची अळी, आणि तिला लागतं केराटिन, म्हणजे लोकर, केस, पिसं. रेशीमही ती सोडत नाही. सुती कापडाशी तिला फारसं देणंघेणं नाही, घामाचे नाहीतर कालवणाचे डाग असतील तरच तिथं तोंड लावते. घोंगडीला चिंचोक्याची खळ दिलेली असते, पण ह्या अळीला ती खळ नाही, लोकर पाहिजे. खळ खाणारी म्हणजे ती दुसरी, रुपेरी, झुरकन पळणारी, पुस्तकात सापडते ती (सिल्व्हरफिश). सांगायचं एवढंच की वाकळांच्या ट्रंकेत मी एकही गोळी टाकली नाही आणि तुम्हीपण उगं टाकू नका, सुती कपडे धुऊन, कडक वाळवून ठेवले की बास.

तर लातूरच्या गंजगोलाई बाजारात गेले. तिथल्या एका दुकानात बरणीत सुट्या गोळ्या होत्या, पांढऱ्या आणि काही गुलाबी, आणि बाजूला पाकिटातल्या. मी विचारलं, "काका, ह्या सुट्या नॅप्थलीनच्याच का दुसऱ्या?" काका म्हणले, "ताई, डांबर गोळी ती डांबर गोळी, त्यात काय बगायचं, घ्या बिनधास्त." मी दोन्ही घेतल्या, सुट्या थोड्या आणि पाकीट एक. बी.एस्सी.ला केमिस्ट्री होती, त्यामुळं ही खोड जात नाही.

घरी आल्यावर एक टेस्ट केली, ती तुम्हीपण करू शकता, फुकटची आहे. लोणच्याची रिकामी काचेची बरणी घ्यायची (परत स्वयंपाकात वापरायची नाही), अर्धी पाण्यानं भरायची आणि गोळी टाकायची. तरंगली तर तो कापूर. बुडाली तर गोळी काढून घ्या आणि त्याच पाण्यात मीठ टाकत हलवत ऱ्हावा, इतकं की शेवटी मीठ विरघळायचं बंद होऊन तळाला बसायला पाहिजे. आता परत गोळी टाका. नॅप्थलीन असली तर वर येते, कारण तिची घनता साधारण 1.15 आणि असं गच्च मिठाचं पाणी 1.2 च्या आसपास. तरीपण बुडालीच तर ती पॅराडायक्लोरोबेंझिन, तिची त्याहूनही जास्त. माझी पाकिटातली गोळी टुणकन वर आली. सुट्यांमधली पांढरी पण वर आली, गुलाबी मात्र तळाला जाऊन बसली ती बसलीच. म्हणजे एकाच बरणीत, एकाच भावानं, एकाच नावाखाली दोन वेगवेगळी केमिकल विकायलेत आणि दुकानदाराला त्याचा पत्ता नाही. हात धुवा लगेच, हे वेगळं सांगायला नको.

आता म्हणताल, दोन्ही कसरच मारतात ना, मग कशाला एवढा कीस. तर ऐका. नॅप्थलीन एकटी 80 अंशाला वितळते, पॅरा एकटी 53 ला. पण दोन्ही एकमेकींना चिकटून ठेवल्या तर मिश्रण 30 अंशाच्या आसपासच पातळ व्हायला लागतं, आणि लातूरला एप्रिल-मे मध्ये 40 काय नवीन नाही. मग ट्रंकेत तेलकट राडा होतो आणि रेशमावर डाग पडतात. कापराचंही नॅप्थलीनबरोबर तसंच जमतं, त्यामुळं "थोडा कापूर, थोड्या गोळ्या" हा जो घरोघरचा उपाय आहे तो करू नका, जे टाकायचं ते एकच टाका. बरणीतलं सुटं घेऊच नका म्हणते मी, पाकिटाचे वीस-पंचवीस रुपये जास्त गेले तरी जाऊ द्या.

काम कसं करतात ते बगू. ज्यांनी कॉलेजात प्रॅक्टिकल केलंय त्यांना आठवत असंल, चिनी मातीच्या बशीत नॅप्थलीन आणि मिठाचं मिश्रण, वर उलटं नरसाळं, नळीत कापसाचा बोळा, खालून बर्नर, आणि थोड्या वेळानं नरसाळ्याच्या आतल्या बाजूला पांढरे चकचकीत पापुद्रे जमलेले, मीठ खाली जागच्या जागी. पाणी न होता सरळ वाफ, वाफेचं परत सरळ घट्ट. ट्रंकेत तेच हळूहळू चालतं. किड्याला गोळी मारत नाही, वाफ मारते, आणि ती वाफ साठली तरच मारते. म्हणून उघड्या रॅकवर, नाहीतर रोज दहा वेळा उघडणाऱ्या कपाटात चार गोळ्या टाकून काहीही होत नाही, वास तेवढा आपल्याला येतो. झाकण घट्ट बसणारी लोखंडी ट्रंक किंवा झिपची जाड पिशवी पाहिजे. दुसरं म्हणजे ही वाफ हवेपेक्षा चौपटीहून जास्त जड. ती खाली उतरते, वर चढत नाही. आमच्या ट्रंकेत तुकडे खालच्या घोंगडीत होते म्हणून वरची खाल्ली गेली, खालची वाचली. गोळ्या नेहमी कपड्यांच्या वर ठेवा. हे एवढं साधं वाक्य पाकिटावर छापायला कंपनीला काय होतं कळत नाही, तिथं नुसतं गुलाबाचं चित्र.

आणि टिकतात किती, हा सगळ्यांचा प्रश्न. पाकिटावर दोन-तीन महिने वगैरे लिहिलेलं असतं, ते थंड खोलीतलं समजा. नॅप्थलीनची वाफ 25 अंशाला जेवढी होते त्याच्या तीन-चार पट 40 अंशाला होते, त्यामुळं पत्र्याच्या खोलीत उन्हाळाभर ट्रंक ठेवली तर गोळ्या बघता बघता निम्म्या होणार. माळवदाची खोली गार असते म्हणून आमच्या जुन्या तुकड्यांचा जीव इतका राहिला. म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाला टाका, वर्षभराचं एकदाच उन्हाळ्याआधी टाकून ठेवण्यात पैसे वाया.

पैठणीबद्दल जपून. आमची पैठणी पैठणचीच, आईच्या लग्नातली. जरीला गोळी टेकवायची नाही असं साडीवाले सांगतात आणि मी ते पाळते. साडी धुतलेल्या मलमलच्या नाहीतर जुन्या सुती कापडात गुंडाळली, आणि गोळ्या वेगळ्या पुरचुंडीत बांधून त्या गुंडाळीच्या वर, कापडाला कापड लागंल पण गोळी लागणार नाही अशा. शिवाय मधूनमधून साडी काढून घडी बदलायची, ते तर गोळ्या असोत नसोत करावंच लागतं. आणखी एक, प्लॅस्टिकशी ह्या वाफेचं पटत नाही, काही प्लॅस्टिकं मऊ पडतात, चिकट होतात, त्यामुळं शालीला प्लॅस्टिकचं बटण, ब्रोच, प्लॅस्टिकचं हँगर असलं काही आत ठेवू नका, आणि पारदर्शक हलक्या प्लॅस्टिकच्या डब्यात तर गोळ्या ठेवूच नका.

आता ज्याचे 2 स्टार कापले ते. माझी धाकटी बहीण पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली आहे. आपल्याकडं पद्धत कशी, तान्ह्या लेकराला नवं कापड घालायचं नाही, आज्जीचं मऊ झालेलं लुगडं, धोतर फाडून दुपटी, लंगोट, कुंची करायची. ती जुनी मऊ कापडं कुठं असतात? ट्रंकेत. आणि बहुतेक घरांत ट्रंकेत काय असतं? ह्याच गोळ्या. बहिणीच्या डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारलं की बाळाची कापडं कुठून काढणारात, आणि डांबर गोळ्यांत ठेवलेली असतील तर ती बाजूला ठेवा म्हणले. कारण त्यांनी समजावून सांगितलं ते असं, पुस्तकातही तेच आहे. आपल्या यकृतात नॅप्थलीनचं रूपांतर नॅप्थॉल आणि नॅप्थोक्विनोनमध्ये होतं, आणि ही मंडळी तांबड्या पेशींवर तुटून पडतात. माणसात ह्या पेशी सांभाळायला एक एन्झाइम असतं, जी-सिक्स-पी-डी. काही लोकांमध्ये ते जन्मापासूनच कमी असतं, एक्स गुणसूत्रावरून येतं म्हणून पोरांमध्ये जास्त दिसतं, आणि घरात कुणाला माहीतसुद्धा नसतं कारण एरवी माणूस ठणठणीत. अशा लेकराच्या अंगात नॅप्थलीन गेलं की पेशी फुटायला लागतात. लक्षणं लगेच येत नाहीत, एक-दोन दिवसांनी, कधी तीन. लेकरू मलूल, दूध ओढत नाही, पांढुरकं दिसतं, डोळे-अंग पिवळं आणि लघवी चहाच्या रंगाची. तान्ह्या बाळाचं यकृत अजून कच्चं, कावीळ उतरवायची ताकद कमी, त्यामुळं ती कावीळ मेंदूपर्यंत जाऊ शकते. हे ज्यांच्यात एन्झाइम कमी त्यांच्यातच होतं असं नाही, जास्त नॅप्थलीन गेलं तर धडधाकट लेकराला आणि मोठ्या माणसालाही होतं.

आणि सगळ्यात वाईट म्हणजे आपलं तेल. नॅप्थलीन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, एका लिटरला 30 मिलिग्रॅमच्या आसपास, पण तेलात-चरबीत छान विरघळतं. रोज सकाळी लेकराला तेल चोळून, धुरी-शेक करून त्याच दुपट्यात घट्ट गुंडाळलं तर तेलकट कातडीतून ते जास्त आत जातं. तेल लावायची पद्धत चुकीची आहे असं मी म्हणत नाही, आमच्याकडंही लावतातच, पण तेल आणि ट्रंकेचं दुपटं ही जोडी नको. आमची लुगडी दुसऱ्या, बिनगोळीच्या ट्रंकेत होती म्हणून ती धुऊन वापरतोय. नसती तर बाजारातून साधं मलमल आणून चार धुण्यात मऊ करून घेतलं असतं. एक धुणं काढून उन्हात टाकली की वास जातो, पण वास गेला म्हणजे सगळं गेलं असा भरवसा तान्ह्या लेकराच्या बाबतीत कुणी धरू नये. मोठ्यांच्या शाली-स्वेटरला चालतं, दिवसभर वाऱ्याला टाका, धुण्यासारखं असंल तर धुवा आणि मग अंगावर घ्या.

पाकिटावर "मुलांपासून दूर ठेवा" एवढंच बारीक अक्षरात आहे. "तान्ह्या बाळाच्या कपड्यांत ठेवू नये" हे मोठ्या अक्षरात पाहिजे. रांगतं लेकरू पांढरी गोळी सरळ तोंडात घालतं, पेपरमिंट समजून. एखादं वेळी खाल्लीच तर घरी उलटी काढायला जाऊ नका आणि "विष मारायला" दूध-तूप तर मुळीच पाजू नका, चरबीमुळं ते अजून भराभर अंगात जातं. पाकीट हातात घेऊन सरळ दवाखाना गाठा, पाकीट ह्यासाठी की डॉक्टरला नॅप्थलीन का कापूर का पॅरा हे कळलं पाहिजे, तिन्हीचा उपचार वेगवेगळा. कापूर पोटात गेला तर लेकराला झटके येऊ शकतात, ते वेगळंच प्रकरण. आणि लेकरू वरून बरं दिसलं म्हणून घरी आणून निवांत बसू नका, पेशी फुटायचं नंतर सुरू होतं, लघवीचा रंग बगत ऱ्हायचं.

कॅन्सरचं विचारणारे असतात म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सरवाल्या संस्थेनं 2002 मध्ये नॅप्थलीन 2-बी गटात टाकलं, म्हणजे माणसाला कॅन्सर होण्याची शक्यता आहे पण माणसातला पुरावा पुरेसा नाही, उंदरांच्या नाकात गाठी दिसल्यात. युरोपात 2008 पासून नॅप्थलीनच्या ह्या गोळ्यांवर बंदी आहे. आपल्याकडं बिनधास्त मिळतात. मला विचारताल तर वर्षातून काही दिवस ट्रंक उघडताना येणाऱ्या वासानं घाबरून जायचं कारण नाही, पण ज्या खोलीत झोपायचं तिथं बारा महिने तो वास भरलेला असंल तर ते बरं नव्हे. माणसाच्या नाकाला हा वास फार थोड्या प्रमाणातही कळतो, तेव्हा वास यायलाय म्हणजे लगेच विषबाधा असं नाही, पण नॅप्थलीन नाकात जायलंय एवढं नक्की. आमची ट्रंक मागच्या खोलीत, बहीण पुढच्या, आणि बाळंतपण उरकेपर्यंत ती ट्रंक उघडायची नाही असं ठरलंय.

ज्यांनी सापासाठी घेतल्यात त्यांचे पैसे बुडाले म्हणून समजा. मोरीच्या तोंडाशी, कडब्याच्या गंजीभोवती, गोठ्यात पसरून ठेवतात, मी लहानपणापासून बगतेय. उघड्यावर वाफ उडून जाते आणि सापावर तिचा भरवशाचा परिणाम कुठं दिसलेला नाही. उलट कोंबड्या टोचतात, कुत्रं चाटतं, पाऊस आला की मातीत. त्यापेक्षा गंजीजवळचे उंदीर आवरा, रात्री बॅटरी घेऊन फिरा. वाळवीसाठी टाकणाऱ्यांना एक गंमत सांगते, अमेरिकेत जी फॉर्मोसन वाळवी आहे तिच्या घरट्यातच शास्त्रज्ञांना नॅप्थलीन सापडलं होतं, 1998 ची गोष्ट, मुंग्या दूर ठेवायला ती बहुतेक त्याचा वापर करते म्हणे. आपली वाळवी वेगळी आहे पण डांबर गोळीनं ती पळंल अशी आशा धरून दाराच्या चौकटीत गोळ्या कोंबण्यात अर्थ नाही. धान्याच्या कणगीत तर चुकूनही नको, ज्वारीला कडुनिंबाचा पाला, कडक ऊन हे आपलं ठरलेलं आहे. आणि खानावळीवाल्यांनो, हात धुवायच्या बेसिनच्या जाळीत गोळ्या टाकता ना, जेवून उठलं की हाताला भाकरीचा वास यायचा सोडून हा वास येतो, अर्धा स्टार तर त्याचाच कापावा वाटतो.

बाकी माल म्हणून ह्याची मोठी हकिकत आहे, आवड असंल तर वाचा नाहीतर हा परिच्छेद सोडा. दगडी कोळशाच्या डांबरात साधारण दहावा हिस्सा हेच असतं, दुसरं कुठलंच एकटं संयुग त्यात एवढं नाही. 1820 च्या आसपास ते वेगळं काढलं, 1826 मध्ये फॅराडेनं (तोच, विजेवाला) त्यातलं कार्बन-हायड्रोजनचं प्रमाण ठरवलं, आणि 1866 मध्ये एर्लेनमायरनं सांगितलं की हे दोन बेंझिनच्या कड्या एक बाजू शेअर करून जोडल्यात, म्हणून सी-दहा-एच-आठ. जगात जेवढं नॅप्थलीन बनतं त्यातलं गोळ्यांत जातं ते थोडंच. बाकीचं पीव्हीसीचं प्लॅस्टिक लवचीक करणाऱ्या केमिकलच्या कच्च्या मालाला, कापडाच्या रंगांना, कातडी कमवायला, आणि बांधकामवाल्यांना माहीत असंल, काँक्रीट कमी पाण्यात पातळ राहावं म्हणून जे काळपट-तपकिरी ॲडमिक्स्चर टाकतात त्यातलं बरंचसं नॅप्थलीनपासूनच बनलेलं. भोपाळच्या कारखान्यात जे सेविन कीटकनाशक बनायचं, ते 1-नॅप्थॉल आणि मिथाइल आयसोसायनेट एकत्र करूनच. 1984 च्या डिसेंबरात त्या रात्री सुटला तो दुसरा, मिथाइल आयसोसायनेट. नॅप्थॉलचा त्यात दोष नाही, पण हा धागा इतक्या लांब जातो हे ट्रंकेसमोर बसून लक्षात येत नाही.

आग लागते का? लागते. घट्ट असली तरी जळाऊच आहे, काजळी सोडत जळते. देवघरात कापूर संपला म्हणून कुणी ही गोळी आरतीला लावू नये, रंगरूप सारखं दिसतं म्हणून सांगायलेय, आणि देवघरात कापराशेजारी ठेवूही नये.

गोळ्यांऐवजी काय, हे आमच्या घोंगडीवर करून बगितलेलं सांगते. अळी लागलेली घोंगडी आधी बाहेर काढून काठीनं झटकली, ब्रशनं घड्या साफ केल्या, ट्रंक आतून पुसली, आणि घोंगडी काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून भर दुपारी गच्चीवर टाकली, मधून उलटीपालटी केली. आत 50 अंशाच्या वर गेलं तर अळी-अंडी दोन्ही मरतात आणि आपल्या उन्हात काळी पिशवी तेवढी तापते. मराठवाड्याचं ऊन फुकट आहे, ते आधी वापरा. आई वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा वाळलेला पालाही टाकते, वास छान, नवीन कसर जरा बिचकंल, पण लागलेली अळी त्यानं मरत नाही. पैठणीला मात्र असं ऊन दाखवू नका, रंग जातो, ती सावलीत वाऱ्याला. गोळ्या ह्या सगळ्यानंतर, साफ केलेल्या घोंगडीला परत कसर लागू नये म्हणून, आणि त्या कामाला चांगल्याच आहेत. टाकल्यावर थोड्या दिवसांनी उघडून बगितलं तर नवीन जाळी नाही, नवीन भोक नाही, गोळ्या जरा बारीक झालेल्या. जुन्या भोकांना आई लोकरीनं रफू करायली, ते काम गोळीचं नाही.

पाकिटाबद्दल शेवटचं. आतल्या गोळ्या सारख्या आकाराच्या, फुटलेल्या थोड्या, पण प्लॅस्टिकची पातळ पिशवी एकदा फाडली की परत बंद होत नाही, उरलेल्या गोळ्या काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवाव्या लागतात आणि बरणीवर मोठ्या अक्षरात लिहून उंच फळीवर. मी 200 ग्रॅमचं घेतलं ते एका ट्रंकेला जास्तच झालं, 100 चं पुरलं असतं. गुलाबी गोळ्या दुकानदार परत घ्यायला तयार नव्हता, त्या दुहेरी पिशवीत गाठ मारून, वर काय आहे ते लिहून घंटागाडीवाल्या मावशींच्या हातात वेगळ्या दिल्या. नालीत, शेकोटीत, खताच्या खड्ड्यात टाकू नका त्या.